शेपटीला हळद

१७ जून, सकाळी सव्वासहा

आजपासून रोजनिशी. वही बायकोच्या, राजेश्रीच्या शाळेतून आणलेली, वर 'पोषण आहार नोंद' असं छापलंय, पण मजकूर माझा. कुणालाही दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय, कारण उद्या माझं चरित्र लिहायला कुणी बसलंच तर त्याची पंचाईत नको.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. ३१ मार्चच्या आत पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात देणे. ही चौथी मुदतवाढ, आणि पत्रात 'अंतिम' या शब्दाखाली रेघ मारलेली आहे. स्टाफरूममध्ये लोकांना आतापासूनच 'डॉक्टर गिराम' म्हणायची सवय लावणे.

आज सहाला जाग आली. पहिला दिवस धरत नसतात.

१९ जून

उंदीर आले! चौदा नग, पांढरेशुभ्र. माझ्या गाइड धम्मशीला मॅडम, त्यांच्या विद्यापीठातल्या लॅबमधून पाथरीपर्यंत एस.टी.ने आणले. खोका मांडीवर. परभणीपासून पुढे माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. एकटेपणा हा संशोधकाच्या वाट्याला येतोच.

हे साधे उंदीर नव्हेत. शंभर पिढ्या सख्ख्या भावाला सख्खी बहीण लावून तयार केलेला शुद्ध वंश. त्यामुळे आतून सगळे एकसारखे. एकाच्या अंगातली कॅन्सरची गाठ दुसऱ्याला टोचली की ती आपल्याच घरात आल्यासारखी रुजते. मग मी माझं औषध पाजणार आणि ती विरघळणार. औषध म्हणजे गाजरगवताचा काढा. कॉलेजच्या मैदानापासून पार मानवतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला माझा कच्चा माल कमरेइतका उभा आहे. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाकडे तरी एवढा साठा असेल का?

वंश शुद्ध राहायचा तर पुढेही भावाला बहीणच. कोणत्या पिंजऱ्यात कोण, याचा तक्ता करून प्राणिगृहाच्या दारावर डकवला. अक्षर मोत्यासारखं आलंय.

२० जून

भागुबाईला तक्ता समजावून दिला. भागुबाई म्हणजे आमच्या प्राणिगृहाची सेविका. पन्नाशीची, माहेर-सासर दोन्हीकडे मेंढरं, कॉलेजात लागून बारा वर्षं झाली. तक्ता ऐकून तिने हातातला झाडू खाली ठेवला. म्हणाली, अवो सर, सख्ख्या भावाबहिणीचं? मामाची पोरगी म्हणा, आत्याचं पोरगं म्हणा, हितपर्यंत ठीक हाय. ह्ये काय करायलाव तुमी? मुकं जनावर असलं म्हणून काय झालं?

वीस मिनिटं शास्त्र सांगितलं. तिने पदर तोंडाला लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाली, बरं. अडाणी माणसालाही नीट सांगितलं तर विज्ञान पटतं, हा माझा अनुभव आहे.

मी आत जात नाही. उंदरांच्या वासाने माझं डोकं उठतं. देखरेख दाराच्या काचेतून. नाहीतरी निरीक्षण करणाऱ्याने थोडं लांबच उभं राहावं.

२ जुलै

पहाटे पाच मेंदूला अपायकारक आहे असं वाचलं. सात ठरवले.

काचेतून पाहणी. एक विलक्षण गोष्ट दिसली. चार नरांच्या शेपट्यांना सोनेरी-पिवळी झाक! उंदरांना दिला जाणारा ज्वारीचा भरडा आणि हरभरा डाळ हे सूत्र मी स्वतः बसवलं आहे, त्याचाच गुण. मॅडमना लगेच मेल टाकला, विषय: 'शेपटीतील सुवर्णछटा, एक प्राथमिक नोंद'.

पिंजऱ्यांना लाल, हिरवे, पिवळे दोरे बांधलेले दिसले. भागुबाईला सजावटीची हौस दिसते. करू दे बापडी.

तिचा धाकटा भाऊ रायभान भेटला. मैदानापलीकडच्या फार्मसी कॉलेजात तोही उंदीरच सांभाळतो. तिकडचे उंदीर साधे, मिसळीच्या जातीचे, पण दिसायला आमच्यासारखेच पांढरे. अधूनमधून दुपारी बहिणीसाठी डबा घेऊन येतो, डबा घेऊन जातो. अशी माया आता राहिली नाही. डब्याच्या झाकणाला भोकं पाडलीत. भाकरीला वारा लागावा म्हणून असतील.

१३ जुलै

पिल्लं! मॅडमच्या लॅबमध्ये एका मादीला पाच होतात, फार तर सहा. माझ्याकडे अकरा, बारा, एकीला तेरा. सगळी गुटगुटीत. प्राचार्यांना म्हणालो, नेतृत्व असलं की फरक पडतोच. ते हो म्हणाले आणि मोबाइल बघू लागले.

भागुबाईची छाती माझ्यापेक्षा जास्त फुगलेली. म्हणाली, मेंढा भायेरचा आणला की कळप सुधरतोच, सर. आमी दर दोन वर्साला बदलतो. हिचं डोकं अजून कळपातच अडकलंय. मी हसून सोडून दिलं.

मॅडमचं उत्तर आलं. इतकी पिल्लं कशी? शेपटी पिवळी म्हणजे काय? फोटो पाठवा. काही गाइडना विद्यार्थ्याचं चांगलं बघवत नाही. फोटो पाठवायचा तर आत जावं लागेल. पाठवला नाही.

२ सप्टेंबर

मोठा दिवस. मॅडमच्या लॅबमधल्या शुद्ध उंदराच्या गाठीतल्या पेशी बर्फाच्या थर्मासमधून आल्या. सोबत आलेल्या टेक्निशियनने वीस उंदरांना टोचल्या, मी दारातून सूचना दिल्या. एक-दोनदा त्याने दार लावून घेतलं.

दहांना काढा, दहांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांना 'कंट्रोल' म्हणतात. औषधानेच गुण आला की आपोआप आला, हे त्यांच्यावरून कळतं. खरं तर माझ्या बाबतीत गरज नाही, पण मॅडम ऐकत नाहीत.

उरलेल्या माद्यांची पुढची पिढी धरायला भागुबाईला सांगितलं. तक्त्याप्रमाणे ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, शिस्तीतच करायलेय सर, तुमी काळजी करू नका. दुपारी रायभान डबा घेऊन आला.

२५ सप्टेंबर

वीसपैकी वीस उंदरांना गाठी. सुपारीएवढ्या. काढा पिणाऱ्यांच्या आणि पाणी पिणाऱ्यांच्या गाठींत तसूभर फरक नाही.

दोष औषधाचा नाही. गवत रस्त्याकडेचं होतं, डिझेलचा धूर खाल्लेलं. राजेश्री म्हणाली, अहो, वीसपैकी वीस म्हणजे निकाल लागला की. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तिला सांगितलं की नकारात्मक निकालाला निकाल म्हणत नाहीत. तिने वह्या तपासायला घेतल्या.

संकल्प: यापुढे गवत शेताच्या बांधावरचंच.

१५ ऑक्टोबर

भागुबाई दसऱ्याचं सोनं द्यायला घरी आली होती तेव्हा राजेश्रीला तिच्या गळ्याला गाठ दिसली. म्हणे वर्षभरापासून आहे, पदराआड झाकून ठेवली होती. राजेश्री रजा टाकून तिला दवाखान्यात घेऊन गेली. सरकारी दवाखान्यातून संभाजीनगरला पाठवलं. तिथे सुई घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, लक्षण बरं नाही, काढावीच लागेल. ९ जानेवारी ही तारीख मिळाली.

भागुबाई घाबरली आहे. गळ्याला चाकू लावणार म्हटल्यावर मला लय भ्या वाटायलंय ताई, असं राजेश्रीपाशी रडली. मलाही वाईट वाटलं. उंदरांचं कोण बघणार तेवढे दिवस?

२६ नोव्हेंबर

दुसरी फेरी. नव्या पिढीचे चोवीस उंदीर. बारांना बांधावरच्या गवताचा काढा, बारांना पाणी. टेक्निशियनने या वेळी सुरुवातीलाच दार लावून घेतलं.

१० डिसेंबर

गाठी आल्यात, पण ज्वारीच्या दाण्याएवढ्याच. मागच्या खेपेला एवढ्या दिवसांत केवढ्या वाढल्या होत्या! काहीतरी घडतंय. रात्रीचं जेवण गेलं नाही. नंतर दोन भाकरी खाल्ल्या.

१७ डिसेंबर, सकाळी

गाठी गेल्या! गेल्या! काढा पिणाऱ्या बारांपैकी अकरांच्या गाठी पार नाहीशा. भागुबाईने एकेक उंदीर काचेशी आणून पोट दाखवलं.  

पाथरी. गाजरगवत. गिराम. हे तीन शब्द आता जगभर एकत्र उच्चारले जातील.

१७ डिसेंबर, दुपारी

कंट्रोलचीही पाहणी केली. पाणी पिणाऱ्या बारांपैकी अकरांच्या गाठीसुद्धा गेल्यात.

तासभर बसून विचार केला. उलगडा झाला. दोन्ही पिंजरे एकाच फळीवर आहेत. काढ्याचा वास! नुसत्या वासाने गाठ जाते आहे! म्हणजे औषध मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जालीम आहे. या परिणामाला 'गिराम परिणाम' म्हणावं की 'पाथरी परिणाम' हे ठरवायचंय. गावाचाही मान राखला पाहिजे, पण गाव काही काचेतून बघत नव्हतं.

२१ डिसेंबर

हनुवटीला हात लावून फोटो काढला, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. बावन्न जणांनी पाहिला. वार्ताहराला फोन केला. म्हणालो, बातमीत नाव पूर्ण टाका, बन्सीधर, आणि आधी 'शास्त्रज्ञ'. तो म्हणाला, तुमच्या मॅडमचं पत्र आणा, मग छापू.

मॅडमचा मेल एका ओळीचा. कंट्रोलमधल्या गाठी का गेल्या? वासाचं कळवलं. दुसरी ओळ आली: २८ जानेवारीला येते, उंदरांना हात लावू नका. मी कधी लावला?

पोतंभर गवत स्वतः कापलं. दोन्ही हातांवर गांधी उठल्यात, डोळे सुजलेत. राजेश्री लोशन लावताना म्हणाली, गाजरगवताला हात लावू नका हे आमच्या चौथीतल्या पोरांनाही माहीत आहे. मी म्हणालो, अंगावर उठतंय याचा अर्थ औषधात दम आहे.

२ जानेवारी

भागुबाई आली, दारात उभी राहिली. म्हणाली, सर, मी माज्या डोळ्यानं पाह्यलंय. बावीस उंदरांच्या गाठी गेल्या. मला कापून घ्यायला जायचं न्हाई. तुमचं औषद मला द्या.

खरं सांगतो, छाती भरून आली. आजवर माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता. पहिला मानवी रुग्ण, आणि तोही आपल्याच प्राणिगृहातला! म्हणालो, माणसाचा डोस काढायला मला थोडे दिवस लागतील. ९ तारखेचं काय, तिने विचारलं. म्हणालो, तारखा काय, पुढे ढकलता येतात.

राजेश्रीला सांगितलं.  ती म्हणाली, तुमच्या पीएचडीशी खेळा, चौदा वर्षं खेळताय. तिच्या गळ्याशी खेळू नका. तेव्हापासून अबोला. आमटी अळणी.

१० जानेवारी

काल तारीख होती. भागुबाई गेली नाही. राजेश्री तिच्या घरी जाऊन आली, तिने दार उघडलं पण ऐकलं नाही. सर म्हणाले ना, एवढंच म्हणत राहिली.

आज कामावर हसतमुख होती. मोठ्या संकटातून सुटल्यासारखी. आवाज मात्र घोगरा लागला. थंडी आहे. सगळ्यांचेच आवाज बसलेत.

१७ जानेवारी, सकाळी

आज औषधाचा दिवस. काढा गाळून स्टीलच्या पेल्यात ठेवलाय. भागुबाई उपाशीपोटी आलीय, नारळ घेऊन. फोटो कुणाकडून काढून घ्यावा? माझ्या हातात पेला, तिचे हात पुढे, मागे तक्ता, अशी चौकट मनात आहे.

१७ जानेवारी, दुपारी

लिहायलाच हवं.

पेला हातात घेतला आणि भागुबाई थांबली. म्हणाली, सर, औषद घ्यायच्या आदी एक सांगते. मनात खोट ठिऊन घेतलं तर गुण यायचा न्हाई. आणि रडायलाच लागली.

पहिल्या दिवसापासून तिने एकाही बहिणीला भाऊ लावलेला नाही. तिला ते पाप बघवलंच नाही. रायभानच्या डब्यातून भाकरी येत नव्हती, फार्मसी कॉलेजातले नवरदेव येत होते. आठ दिवस ठेवायचे आणि परत पाठवायचे. पाठवणी नवऱ्याची, एवढीच उलटी गोष्ट. येणाऱ्या प्रत्येकाच्या शेपटीला तिने हळद लावली. वर ज्वारीच्या अक्षता टाकल्या. दुसऱ्या पिढीला पुन्हा वेगळ्या घरातले नवरदेव आणले. दोऱ्यांचे रंग म्हणजे घराणी. एका घरात दुसऱ्यांदा पोरगी दिली न्हाई सर, सगळं रीतीनं केलं, पण तुमचा शब्द मोडला, मला माफ करा. मग पेला ओठाला नेला.

मी तो हिसकावून घेतला. गाळायचा राहिला म्हणालो. गाळलेला होता. मोरीत ओतला.

नंतर स्टाफरूममध्ये बसून माझ्याच नोट्स काढल्या. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला अकरा वर्षं याच पिवळ्या कागदांवरून शिकवतोय. माझ्याच अक्षरात लिहिलंय: शुद्ध वंशाच्या मादीला बाहेरचा नर लावला तर पहिल्या पिढीत आईच्या वंशाची गाठ रुजते. पुढच्या पिढीत बाहेरचं रक्त वाढलं की शरीर तीच गाठ परकी म्हणून टाकून देतं.

सप्टेंबरमध्ये पहिली पिढी. वीसपैकी वीस. नोव्हेंबरमध्ये दुसरी पिढी. चोवीसपैकी बावीस गेल्या, काढा पिणाऱ्यांच्याही, पाणी पिणाऱ्यांच्याही.

गाजरगवताचा यात काही संबंध नाही. वासाचाही नाही.

१७ जानेवारी, संध्याकाळी सहा

अजून कुणाला कळलेलं नाही. भागुबाईला माहीत आहे, पण आपल्याला काय माहीत आहे हे तिला माहीत नाही. मॅडम यायला अकरा दिवस आहेत. तेवढ्यात दोरे काढून टाकता येतील. रायभानला गप्प बसवता येईल. मुदतीच्या आत प्रबंध जाईल. डॉ. बन्सीधर गिराम. पाटीसुद्धा करायला टाकली आहे.

फक्त मग तिला औषध द्यावं लागेल. ती रोज विचारणार. आज बोलली तेव्हाही आवाज घोगराच होता, आणि थंडी आता कमी झाली आहे.

मला लाज वाटते आहे. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. लय लाज वाटते आहे.

१८ जानेवारी

सकाळी प्राणिगृहात गेलो. आत. वासाने डोकं उठलं, तरी स्टूल घेऊन बसलो.

भागुबाईंना सांगितलं, औषध खोटं आहे. त्यांनी मानलंच नाही. म्हणाल्या, मी तक्ता मोडला म्हणून तुमी रागावलाव, म्हणून औषद न्हाई म्हणायलाव. सर, चार थोबाडीत मारा, पण असं करू नका. माझे पाय धरायला वाकल्या.  अकरा वर्षं वर्गात काय सांगतो ते एका माणसाला पटेल असं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. माझा एकही पिवळा कागद उपयोगाचा नव्हता.

मग म्हणालो, भागुबाई, उंदरांना टोचलेली गाठ मॅडमकडच्या घराण्यातली होती. तुम्ही बाहेरचे नवरदेव आणले, त्यांची नातवंडं निराळ्या रक्ताची निघाली. त्यांच्या अंगाने ओळखलं की ही आपल्यातली नव्हे, आणि तिला हाकलून दिलं. माझ्या काढ्याने नाही. ज्यांना नुसतं पाणी पाजलं त्यांनीही हाकललीच, तुम्हीच पाजलंत ना पाणी? तुमची गाठ बाहेरून आलेली नाही. ती तुमच्याच अंगातली, तुमच्याच रक्ताची. तिला तुमचं अंग परकं म्हणणार नाही.

 त्यांनी पाणीवाल्या पिंजऱ्याकडे बघितलं. मग गळ्याला हात लावला आणि म्हणाल्या, मंजी ही घरचीच हाय. म्हणूनच ठाण मांडून बसलीया.

मी हो म्हणालो.

मंग उठा, त्या म्हणाल्या. तारीख मागाया चला.

पाच मिनिटांत समजलं त्यांना. मला अकरा वर्षं लागली.

२० जानेवारी

पहिल्या एस.टी.ने संभाजीनगर. मी, राजेश्री, भागुबाई. रांगेत तीन तास. डॉक्टर चिडले. गाठ वाढलीय म्हणाले, आवाजाची नस दाबली जातेय, ९ तारखेला कुठे होता? कुणी सांगितलं थांबायला? भागुबाई जमिनीकडे बघत राहिल्या. मी पंख्याकडे बघत राहिलो. राजेश्री माझ्याकडे.

१० फेब्रुवारी मिळाली.

परत येताना राजेश्रीने सोललेली मोसंबी माझ्या हातावर ठेवली. अबोला संपला असावा. विचारलं नाही.

२८ जानेवारी

मॅडम आल्या. मी सगळं सांगायला सुरुवात केली. भावाबहिणीच्या मुद्द्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि आत गेल्या. फरशीवर बसकण मारून दोन तास भागुबाईंशी बोलल्या. भागुबाईंनी एकेका दोऱ्यावर बोट ठेवून सांगितलं, ही कुणाची लेक, कुणाला दिली, किती पिल्लं, त्यातल्या कुणाला गाठ राहिली, कुणाची गेली. सगळं तोंडपाठ. मॅडमनी चौदा पानं लिहून घेतली. मला दोनदा चहाला पाठवलं. दुसऱ्या वेळी रायभानलाही घेऊन या म्हणाल्या.

निघताना म्हणाल्या, गिराम, सात महिन्यांत इथे शास्त्राचं काम झालंय. तुमच्या पाठीमागे झालंय, एवढंच. गाजरगवतावरचा प्रबंध आता विद्यापीठात देता येणार नाही. वंशाचा आणि गाठ रुजण्याचा संबंध यावर छोटा लेख होईल. त्यावर दोन नावं, त्यांचं स्वतःचं आणि भागुबाईंचं. मी विचारलं, आणि माझं? म्हणाल्या, आभारात घेऊ. प्राणिगृह वापरायला दिल्याबद्दल.

आभारात नाव नको, असं बाणेदारपणे म्हणणार होतो. म्हणालो नाही.

१० फेब्रुवारी, दुपारी

ऑपरेशन थिएटरबाहेर. चार तास होत आले. रायभान शेजारी बसलाय, मांडीवर तोच डबा. झाकणाला भोकं. आज आत खरंच भाकरी आहे, पण दोघांनाही खाववत नाही. तो म्हणाला, सर, ती वाचंल ना? मी शास्त्राचा माणूस आहे.  त्याच्या पाठीवर हात ठेवला.

डोळ्यांतून पाणी येतंय. गाजरगवताची ॲलर्जी इतके दिवस टिकते हे माहीत नव्हतं.

३१ मार्च, सकाळी

मुदतीचा शेवटचा दिवस. आज विद्यापीठात काही द्यायचं नाही, त्यामुळे निवांत उठलो. पाच वाजता जाग आली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

पाटीवाल्याला फोन केला, नावाआधीचं 'डॉ.' खोडून दे. तो म्हणाला, कोरलेलं खोडता येत नाही, वर पट्टी चिकटवतो.

३१ मार्च, दुपारी दीड

भागुबाई कॉलेजात आल्या. गळ्याला मफलर, आवाज बारीक पण स्वच्छ. तपासणीसाठी संभाजीनगरला जाऊन आल्या होत्या. कॅन्सरच होता, पण गाठीच्या बाहेर पडला नव्हता. सगळा निघाला. आणखी दोन-तीन महिने थांबला असतात तर हातातून गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.  इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा झालेला नाही.

मग त्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं सांगू लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं म्हणे, मावशी, जानेवारीत कामून आला न्हाईत? तेव्हा त्यांनी खरं सांगून टाकलं. आमच्या कॉलेजात एक सर हाईत, त्यांच्या औषदासाठी थांबले व्हते. मग डॉक्टर म्हणाले, अन् मग कशा आलात? म्हणलं, ते सर सोता येऊन म्हणाले, माजं औषद खोटं हाय, दवाखान्यात चला. डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभे राहिले म्हणे. म्हणाले, इतकी वर्षं झाली, माझं औषध खोटं आहे म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. कोण हाईत हे सर, नाव सांगा त्यांचं, मी चार लोकांत सांगतो.

माझा हात आपोआप केसांवरून फिरला. विचारलं, मग?

भागुबाई माझ्याकडे मायेने बघून म्हणाल्या, मी काय येडी हाय का सर? नाव घेतलंच न्हाई. उगं तुमची बेइज्जती कशाला.

मी म्हणालो, बरं केलंत.

मग त्यांनी मला प्राणिगृहाची किल्ली दिली. डॉक्टरांनी त्यांना दोन महिने वजन उचलायला मनाई केलीय, तेव्हा पिंजरे आजपासून मी झाडायचे. भुसा रोज बदलायचा, पाणी दोनदा. लाल दोऱ्याची पोरगी लग्नाला आलीय, रायभान उद्या नवरदेव घेऊन येणार आहे, तेव्हा हळद संपली असेल तर घरून चिमूटभर आणा म्हणाल्या.

पंधरा मिनिटं झाली, आत बसून लिहितोय. वास येतोच आहे.